उंच कौलारू घरावर रोषणाई, कौलावर पाय न ठेवता

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नरकचतुर्दशीच्या आदल्या दुपारी मी आमच्या फोंडा तालुक्यातल्या घराच्या छपरावर माळ टाकायला चढलो होतो. आई खाली वसरीत, म्हणजे ओसरीवर, फोवांसाठी (पोह्यांसाठी) नारळ खवत बसली होती. आढ्यापासून दोन हात खाली असताना पायाखालचं कौल मडकं फुटावं तसं फुटलं आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. त्या जागी खाली माळा नव्हता, त्यामुळे आईला वर बघितल्यावर थेट पायच दिसला. "पाय आला, बाकीचा कुठे आहेस?" असं तिने विचारलं. उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला.

कौलांखालची आडवी पट्टी, म्हणजे रीप, वाळवीने खाल्लेली नव्हती म्हणून तिच्यावर अडकलो. नाहीतर खाली कोबा होता, पंधरा फुटांवर. पोटरीला टाके पडले आणि त्या वर्षीची दिवाळी मी पाय उशीवर ठेवून काढली.

त्यानंतर मी छपरावर चढलेलो नाही. रोषणाई मात्र एकही वर्ष चुकलेली नाही. दिवाळीला आकाशकंदील आणि पागोळीची, म्हणजे छपराच्या खालच्या कडेची, माळ, तीच माळ तुळशीच्या लग्नालाही, आणि डिसेंबरात शेजारच्यांच्या बरोबरीने आमच्याही दाराशी एक नखेत्र, म्हणजे नाताळची चांदणी. हे सगळं जमिनीवरून, घोड्यावरून (स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या शिडीवरून) किंवा घराच्या आतून होतं. ज्यांनी गोव्यात नुकतंच कौलारू घर घेतलंय, किंवा आजोबांचं बंद घर उघडून पहिली दिवाळी तिथे करायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

छप्पर आधी खालून बघा

कौलारू छपराचा सांगाडा समजला की निम्मे घोटाळे टळतात. सगळ्यात वर आढं. आढ्यापासून भिंतीकडे उतरतात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपा, आणि रिपांवर कौलं. मंगळुरी कौल आपल्याकडे आलं ते बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६० च्या दशकात मंगळुरात कारखाना घातल्यानंतर. त्याआधीच्या घरांवर अर्धगोल नळे असत, म्हणून कौलं काढून पुन्हा नीट बसवायला कोणी आलं की जुनी माणसं अजूनही 'नळे परतायला माणसं आलीत' असंच म्हणतात, वर मंगळुरी कौलं असली तरी.

एक कौल उचलून बघा, दोन-अडीच किलोचं भरतं. उलट्या बाजूला दोन बोंडं असतात, ती रिपेवर अडकतात. बस, एवढंच. बहुतेक घरांत कौलाला ना खिळा असतो ना तार. स्वतःच्या वजनाने आणि वरच्या रांगेच्या दाबाने ते बसलेलं असतं. दोन रिपांमध्ये साधारण एक फुटाचं अंतर, आणि तेवढ्या भागात कौलाखाली नुसती हवा. पाऊस ओघळून जावा म्हणून केलेली वस्तू आहे ती. सत्तर किलोचा माणूस एका टाचेवर उभा राहील असा हिशोब कोणी केलेला नाही.

नव्या घरांत आणखी गंमत असते. कुठे खाली उतरता स्लॅब आणि वर शोभेची कौलं असतात. ती फुटली तरी माणूस आत पडत नाही, पण घसरून खाली मात्र येतो. कुठे लोखंडी चौकटीवर कौलं. आणि गोठ्याला, न्हाणीला, गाडी ठेवायच्या पडवीला सिमेंटचे पत्रे. या पत्र्यांवर कधीही, कुठल्याही कारणाने पाय देऊ नका. कौल फुटण्याआधी निदान करकरतं. सिमेंटचा जुना पत्रा एकदम तुटतो आणि माणूस सरळ खाली.

तर अंगणात उभं राहून घराला एक चक्कर मारा. आढं मध्ये वाकलंय का? कौलांची एखादी रांग खाली सरकलीय का? वांदर येऊन गेले असतील तर ती हमखास सरकलेली असते. वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं आहे का? ते शिडीवर गेल्यावर कळलं तर माणूस हात सोडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वीजखात्याच्या खांबावरून घरात येणारी वायर छपराच्या कुठल्या कोपऱ्यावरून येते?

त्या वायरीबद्दल इथेच सांगून टाकतो. जुन्या घरांत ती पागोळीजवळ, अगदी हाताला लागेल अशी येते. वरचं काळं आवरण उन्हाने तडकलेलं असतं. तिच्यात मीटरच्या आधीची वीज असते, म्हणजे घरातला मेन स्विच बंद केला तरी ती जिवंतच. त्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंनी दहा फूट सोडा आणि तिथे रोषणाई करूच नका. रस्त्याच्या बाजूला उघड्या तारा जात असतील तर शिडी उचलताना ती उभी केल्यावर किती उंच जाईल, आडवी पडली तर कुठवर पोचेल, ते आधी बघा. अॅल्युमिनियमची शिडी हलकी म्हणून सगळे आणतात, पण तारेला टेकली तर ती उचलणाऱ्या दोघांनाही सोडत नाही. ओल्या बांबूतूनही वीज वाहते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आवरण तडकलेलं दिसलं तर वीजखात्याच्या १९१२ या नंबरावर तक्रार करा आणि लाइनमन येऊन जाईपर्यंत थांबा.

केव्हा करायचं

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, भर पावसात येते. त्या दिवसांत कौलांच्या आसपास कोणतंही काम नको, माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीच्या) बाजूला घरातच काय ती रोषणाई करा. दिवाळी पाऊस सरल्यावर येते असं आपण म्हणतो, पण ऑक्टोबरात कौलांवर चार महिन्यांचं शेवाळ असतं. वरून वाळून काळं पडलेलं दिसतं आणि सकाळच्या दवाने पुन्हा साबणासारखं होतं. नाताळच्या सुमाराला शेवाळ गेलेलं असतं, पण दव जास्त. म्हणून सकाळी नऊ-साडेनऊच्या आत शिडी लावायची नाही. दुपारी बारा ते तीन ऊन असं असतं की अॅल्युमिनियमच्या शिडीला हात लावता येत नाही. दहा ते साडेअकरा, किंवा चार ते साडेपाच, एवढीच खरी वेळ.

सणाच्या आदल्या दिवशी तर नकोच. आदल्या रात्री अर्धा गाव नरकासुराचा पुतळा उभा करण्यात जागा असतो, मदतीला येणारी पोरं झोपेत असतात आणि एखाद-दुसऱ्याने घेतलेलीही असते. चार-पाच दिवस आधी, रविवारी, चहा पिऊन, दोन जाणती माणसं घेऊन काम करा.

कुठे लावायचं, आणि कुठे नाही

नवख्या माणसाला वाटतं, आढ्यावरून माळ गेलीच पाहिजे. रस्त्यावर जाऊन उभे राहा. बहुतेक घरांचं आढं माडांच्या झावळ्यांत किंवा आंब्याच्या फांदीआड असतं. डोळ्यांत भरते ती पागोळीची सरळ रेघ, तिच्याखाली खांब, आणि तुळशीवृंदावन. मी तर म्हणेन, पागोळीची एक सरळ माळ आणि तिकोनाच्या, म्हणजे छपराच्या दोन उतारांमधल्या त्रिकोणी भागाच्या, टोकाला एकच मोठा कंदील यापलीकडे कौलारू घराला काही शोभतही नाही. लाल-हिरवी लुकलुक सगळ्या छपरावर पसरली की घर लग्नाच्या हॉलसारखं दिसतं.

तरीही तिकोनाच्या दोन्ही उतारांवर माळ हवी असेल, तर लांबी खालीच मोजता येते. घराची निम्मी रुंदी आणि भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतची उंची घ्या. निम्मी रुंदी तीन मीटर, उंची दोन मीटर असेल तर एका उताराची लांबी सुमारे ३.६ मीटर, दोन्ही मिळून ७.२. पागोळी भिंतीबाहेर येते तेवढं वाढवा. कागदावर घराचा चेहरा काढून आकडे लिहा आणि प्लग कुठे आहे तिथे गोल करा. माळ प्लगपासून सुरू होते, हे विसरून लोक उलटं टोक वर नेतात आणि मग सगळं उतरवतात. माझं दोनदा झालंय.

माळा आणि वीज

विकत घेताना बाहेर वापरायची आहे असं स्पष्ट सांगा आणि पाकिटावर आयपी आकडा बघा. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. आयपी४४ म्हणजे शिंतोडे सोसेल, आयपी६५ म्हणजे पाण्याची धारही सोसेल. पागोळीला ६५ घ्या, दव आणि अवकाळी सर दोन्ही तिथेच पडतात. शक्य असेल तर अॅडॉप्टरवर चालणारी कमी व्होल्टची माळ घ्या, बारा किंवा चोवीस व्होल्टची. अॅडॉप्टर घरात राहतो आणि बाहेर हाताला लागेल अशा जागी २३० व्होल्ट जातच नाहीत. बाजारात वजनावर मिळतात तशा केसासारख्या वायरीच्या माळा घरात देवापुढे ठीक, छपराला नकोत.

आता घरच्या बोर्डाकडे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, तीस मिलिअँपियरचा. त्यावर एक छोटं टेस्ट बटण असतं. ते दाबलं की खटका पडला पाहिजे. पडला नाही, किंवा तुमच्या जुन्या घरात असं काही बसवलेलंच नाही, तर माळांच्या आधी वायरमनला बोलवा आणि अर्थिंगही तपासून घ्या. माळांवर खर्च करायचे पैसे त्या वर्षी तिथे गेले तरी चालतील.

माळ वर नेण्याआधी वसरीत पसरून सलग दोन तास पेटवून ठेवा. कुठे वायर गरम लागते का, कुठे तुकडा विझतो का, ते जमिनीवर कळू दे. एकाला एक किती माळा जोडता येतील ते पाकिटावर दिलेलं असतं, तेवढ्याच जोडा. उंदराने कुरतडलेली माळ टेप गुंडाळून पुन्हा वापरायची नाही.

प्लग आणि जोड पागोळीच्या आत, भिंतीच्या बाजूला ठेवा. आणि प्लगच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, वीतभर. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाशी थांबून टपटपतं, प्लगपर्यंत पोचत नाही. झोळ नसेल तर ते सरळ प्लगमध्ये शिरतं. एवढीशी गोष्ट, पण पहिल्या पावसात खटका पडण्याचं अर्ध्या वेळा हेच कारण असतं.

शिडी की घोडा

कौलारू घराची खरी अडचण इथे आहे. आपली पागोळी भिंतीपासून दोन-तीन फूट बाहेर येते. शिडी भिंतीला टेकवली तर तुम्ही पागोळीच्या खाली जाता आणि माळ लावायला मागे, पाठीवर वाकून हात बाहेर काढावा लागतो. शिडी पागोळीला टेकवली तर तिचा भार कडेच्या कौलांवर येतो, ती उचकटतात आणि शिडी घसरते. पन्हळीला टेकवली तर पन्हळ वाकते.

म्हणून पागोळी बारा फुटांच्या आत असेल तर घोडा वापरा. दोन्ही बाजूंनी पाय असलेली, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी शिडी. ती पागोळीच्या किंचित बाहेर, अंगणात उभी करायची आणि तोंड घराकडे करून काम करायचं. चारही पाय टेकलेत, मधली पट्टी पूर्ण ताणलेली आहे, हे बघून मगच चढा. माथ्यावरच्या पायरीवर बसायचं नाही, उभं तर राहायचंच नाही.

घोडा पुरत नसेल आणि टेकवायचीच शिडी लागणार असेल, तर आमच्याकडे नळे परतायला येणारे काका शिकवतात तसं करा. त्यांनी मला पहिल्यांदा शिडीजवळ उभं केलं तेव्हा मी वर बघत होतो. ते म्हणाले, "पुता, पयलीं सकयल पळय, मागीर वयर चड." आधी खाली बघ, मग वर चढ. आणि ते चवड्यावर बसून शिडीच्या पायाखालचे खडे वेचू लागले.

खाली काय बघायचं? आमच्या अंगणाला उतार आहे, तसा बहुतेकांच्या असतो. शिडीचा एक पाय अधांतरी राहत असेल तर त्याखाली कौलाचा तुकडा किंवा नारळाची सोडणं सरकवू नका. माती खणून वरचा पाय खाली घ्या, किंवा जाड, रुंद फळीवर दोन्ही पाय एका पातळीत आणा. सारवलेली जमीन सुकी असेल तर चांगली पकड देते. गुळगुळीत फरशी आणि शेवाळलेला चिरा सगळ्यात वाईट.

मग कोन. शिडी जिथे टेकते ती उंची चार भागांत वाटा, त्यातला एक भाग पाय भिंतीपासून बाहेर. बारा फुटांवर टेकली तर पाय तीन फूट बाहेर. मोजपट्टी नसेल तर शिडीच्या पायांना बोटं टेकवून ताठ उभे राहा आणि हात सरळ पुढे करा. तळवे खांद्याच्या उंचीवर पायरीला लागले की कोन बरोबर.

टेकण्यासाठी वाशांच्या बाहेर आलेल्या टोकांना खालून एक जाड फळी आडवी बांधून घ्या, निदान तीन वाशांना धरून. वासे आधी ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर सोडून द्या. शिडीचा माथा त्या फळीला टेकवायचा आणि काथ्याने नव्हे, नायलॉनच्या दोरीने बांधायचा. पहिल्या चढण्याला, म्हणजे माथा बांधेपर्यंत, खाली एक माणूस दोन्ही हातांनी शिडी धरून उभा हवा. मोबाइल खिशात ठेवून. व्हिडिओ काढायला तिसरा बोलवा.

चढल्यावर दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, कायम शिडीवर. बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या मध्येच राहिली पाहिजे. ती बाहेर गेली की उतरा आणि शिडी सरकवा. चाळीस फुटांच्या पागोळीला मला शिडी आठ-नऊ वेळा सरकवावी लागायची. कंटाळा यायचा. त्याच कंटाळ्यात माणूस 'एवढंच तर आहे' म्हणून हात लांबवतो. सामान हातात घेऊन चढायचं नाही. कमरेला पिशवी, आणि माळ वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यायची. चपला नकोत, अनवाणीही नको. रबरी तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट घाला.

माळ अडकवायची कशाला

खिळे नकोत. खिळा कौलाला तडा देतो आणि वाशाला पाणी दाखवतो, जूनमध्ये कळतं. स्टेपल वायरीत घुसतो. वाशांच्या टोकांना एकदाच छोटे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे हूक फिरवून बसवा, फूट-दीड फुटावर एक. साधे लोखंडी हूक आमच्याकडच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजून मोडतात. समुद्रकाठी, कळंगुट-काणकोणच्या बाजूला तर एकाच.

हूक बसले की पुढच्या वर्षीपासून शिडीही लागत नाही. आंबे काढायच्या झेल्याची लांब काठी असते ना, तिच्या टोकाला बेचकं बांधा. पेरूच्या फांदीचं उत्तम. माळेला दर फूट-दीड फुटावर, म्हणजे हुकांच्याच अंतराने, सुतळीची एक-एक कडी बांधून ठेवा. कडी बेचक्यावर घ्यायची, हुकापर्यंत न्यायची आणि किंचित फिरवून सोडायची. पहिल्या पाच-सहा कड्यांना मान अवघडते. मग हात बसतो. माझी पुतणी हे माझ्यापेक्षा चांगलं करते आणि दर वेळी, "काका, तुम्ही नुसती माळ सोडा," असं म्हणून काठी हातातून घेते.

तिकोनाच्या वरच्या भागात, जिथे काठीही पोचत नाही, तिथे आतून जा. माळ्यावर, भक्कम फळीवर उभे राहून कडेचं एक कौल दोन्ही हातांनी वर ढकललं की ते वरच्या रांगेखाली सरकतं आणि हात जाईल एवढी फट पडते. त्या फटीतून दोरीचा फास रिपेभोवती किंवा वाशाभोवती घालून टोक बाहेर सोडायचं. कौल पुन्हा खाली ओढा, बोंडं रिपेवर टेकल्याचा 'टक' आवाज आला की बसलं. आवाज आला नाही तर पुन्हा बसवा. माळ्यावर जाताना डोक्याला टॉर्च, नाकाला फडकं. आणि आधी दांड्याने ठोकून आवाज करा, पावसाळ्यात आत आलेला पाहुणा कधी कधी ऑक्टोबरपर्यंत तिथेच असतो.

कप्पी: एकदा चढा, पुढे दरवर्षी ओढा

माझा सगळा भरवसा या एका गोष्टीवर आहे. मे महिन्यात नळे परतायला माणसं येतातच. त्या दिवशी छपरावर जाणती माणसं असतात, कौलं सुकी कोरडी असतात आणि अर्धी कौलं काढलेली असल्यामुळे वासे-रिपा उघड्या असतात, त्यामुळे पाय कुठे ठेवायचा ते दिसतं. तेव्हाच त्यांच्याकडून तिकोनाच्या टोकाला, आढ्याच्या लाकडात, एक कप्पी बसवून घ्या. स्टेनलेसची, जाड दोरी जाईल अशी, आरपार बोल्टाने. आढं बाहेर आलेलं नसेल तर लोखंडी कोनपट्टी बाहेर काढून तिला.

त्या कप्पीतून दोरी खाली आणली की आकाशकंदील झेंड्यासारखा वर जातो. तिकोनाच्या दोन उतारांच्या माळाही त्याच दोरीला मध्यावर बांधून वर ओढायच्या आणि दोन्ही टोकं पागोळीच्या कोपऱ्यांना ताणून बांधायची. गावठणात पूर्वी उंच बांबूवर कंदील चढवत तो असाच. मी नवीन काही केलेलं नाही, बांबूच्या जागी आढं घेतलंय.

कंदील किंवा नखेत्र मोठं असेल तर त्याला खालच्या टोकालाही एक दोरी बांधून खांबाला धरा. डिसेंबरातल्या संध्याकाळच्या वाऱ्यात ते भिंतीवर आपटतं आणि वायर होल्डरमधून सुटते. वजन वायरीवर नको, दोरीवर. वायर दोरीपेक्षा वीतभर सैल ठेवायची. कागदी नखेत्रात जुना साठ वॅटचा बल्ब घालू नका, सात-नऊ वॅटचा एलईडी पुरतो आणि कागद तापत नाही.

आढ्यावरच जायचं असेल तर

मग तुम्ही जाऊ नका, ज्याचं ते काम आहे त्याला बोलवा. आणि बोलावलेल्या माणसालाही नुसतं चढू देऊ नका. माडावर चढणारा पाडेली छपरावरही चढेल असं समजणारे पुष्कळ आहेत. माड पायाखाली फुटत नाही, हा फरक त्या बिचाऱ्यालाही कधी कधी ठाऊक नसतो.

नीट काम करणारा माणूस आढ्यावर अडकणारी, आकड्याची छपरावरची शिडी आणतो किंवा लांब फळ्या टाकतो, म्हणजे वजन एका कौलावर न येता अनेक वाशांवर वाटलं जातं. अंगात पूर्ण हार्नेस, म्हणजे खांद्यांना आणि मांड्यांना धरणाऱ्या पट्ट्यांचा साज हवा, त्यावर आयएस ३५२१ हे भारतीय मानक लिहिलेलं. नुसती कमरेला बांधलेली दोरी पडणाऱ्याचा कणा मोडते. दोरी आढ्यावरून पलीकडे नेऊन तिथल्या दगडी खांबाला किंवा जाड झाडाला बांधायची, पन्हळीला किंवा पाण्याच्या टाकीच्या पाइपाला नव्हे. आढ्यावर जिथे ती घासते तिथे गोणपाट घालायचं. दोरीत झोळ कमीत कमी.

एक गोष्ट जी जवळजवळ कोणी सांगत नाही: हार्नेसवर लटकलेल्या माणसाला तसाच ठेवता येत नाही. पट्ट्यांनी मांड्या आवळतात, रक्त पायांत साचतं आणि तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून त्याला खाली कसं घ्यायचं, शिडी कुठून लावायची, हे तो चढण्याआधीच ठरलेलं असलं पाहिजे.

कोणी पडलंच तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, गाडीत कोंबू नका. मान-पाठ हलू न देता १०८ ला फोन करा. शॉक लागलेला असेल तर आधी मेन स्विच, मग माणूस. आणि वीज खांबावरच्या तारेची असेल तर जवळसुद्धा जायचं नाही, १९१२ आणि ११२ ला फोन करून लांब थांबायचं.

उतरवताना

माळा कार्निव्हलपर्यंत तशाच लोंबत ठेवणारी घरं मी बघतो. उन्हाने वायर कडक होते, मिठाच्या हवेने टोकं हिरवी पडतात आणि पुढच्या वर्षी तीच माळ खटका पाडते. सहा-सात जानेवारीला, थ्री किंग्सचं फेस्त झालं की, आमच्याकडचं सगळं खाली येतं. आधी प्लग काढायचा, मग काठीने कड्या सोडवायच्या. ओढायचं नाही, हुकाला अडकलेली माळ ओढली की हूक वाशातून निघतो. माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून, कुठल्या बाजूची ते त्यावर लिहून पत्र्याच्या डब्यात ठेवतो. लाकडी पेटीत ठेवली तर उंदीर.

कप्पीतली जाड दोरी काढून घ्यायची, उन्हात ती एका वर्षात विटते. पण काढताना तिच्या टोकाला पातळ मासेमारीची नायलॉन दोरी बांधायची आणि जाड दोरी ओढत बाहेर घ्यायची, म्हणजे पातळ दोरी कप्पीतून फिरलेली राहते. तिची दोन्ही टोकं खांबाला गाठ मारून ठेवा. पुढल्या दिवाळीला जाड दोरी त्याच पातळ दोरीला बांधून वर चढवता येते. एका वर्षी धाकट्या भावाने 'ही कसली दोरी लोंबतेय' म्हणून ती कापून टाकली, आणि आम्हाला कप्पीत दोरी ओवायला मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं. आता तिथे खांबावर खडूने लिहिलंय: कापू नये.